वाफ मोप

बिबवेवाडी, पुणे ३७
४ ऑगस्ट २०२४

ती. कांताताईस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू हळहळतेस, पण त्यापायीच मला तुझं पत्र मिळतं. सारी नोकरी टपाल खात्यात गेली, आणि आता आमच्या पेटीत विजेच्या बिलाखेरीज काही पडत नाही.

बातमी अशी, की दीक्षाची बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा महिनाअखेर संपते. जावईबापूंना कंपनीने सहा महिन्यांसाठी बंगळुरूला धाडलंय. मितूला सांभाळायचं कोणी? एक तर हिंजवडीतलं पाळणाघर, नाही तर मायलेकींनी माझ्याकडे राहायला यायचं. मी म्हणालो, याच. तिने अडचण काढली ती फरशीची. नऊ महिन्यांची पोर दिवसभर रांगते आणि फिनेलने तिच्या अंगावर पुरळ उठतं. फिनेलशिवाय फरशी स्वच्छ ठेवायची काही सोय केलीत तर येऊ, असं म्हणाली. शालिनी गेल्यापासून टाइलांचे सांधे काळे पडलेत हे खरं. ती असताना मी फरशीकडे कधी पाहिलंच नाही. फरशीवर तिचे ओले पाय उमटलेले असायचे, तेवढे आठवतात.

मी विचारलं, की मग आणू तरी काय? काल तिचा मोबाइलवर निरोप आला. ही मुलं मराठीही इंग्रजी अक्षरांत लिहितात. मी एकेक अक्षर जुळवत वाचलं, ‘बाबा, स्टीम मोप पाहिजे.’ ताई, मोप! पाचवीच्या पुस्तकातल्या एका कवितेत धान्य मोप पिकायचं, आठवतं? मास्तर चालीवर म्हणून घ्यायचे, आणि अर्धपोटी आम्ही पोरं त्या शब्दावर आल्यावर आवाज चढवायचो. माझ्या लेकीच्या बोटांतून तो शब्द यावा! वाफ मोप पाहिजे, भरपूर पाहिजे. आता तसंच यंत्र शोधतो.

तब्येतीस जप. धाकट्यावर माया असू दे.
तुझा,
दशरथ


पवनी, जि. भंडारा
१० ऑगस्ट २०२४

चि. दशरथ यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

काहून रे बाबू, लेकीला एक फोन लावून विचारायला तुझी जीभ झिजते का? पोरगी हापिसातली, ती कशाला कवितेतलं बोलेल? तू लहानपणीही असाच. आईने मीठ आण म्हणून पाठवलं, तर तळ्यावर बसून ढग पाहून रिकाम्या हाताने परत आलास.

दोन खोल्यांना किती वाफ लागते? आपल्या आईने अख्ख्या घराचा भात एका हंडीच्या वाफेवर शिजवला. विचारून घे, मग आण. इकडे भाताची रोवणी आटोपली. माझे गुडघे माझं ऐकत नाहीत, बाकी ठीक.

राग मानू नको. जेवत जा वेळेवर.
तुझी ताई,
कांता


बिबवेवाडी, पुणे ३७
१८ ऑगस्ट २०२४

ती. कांताताईस,
सविनय जयभीम.

विचारलं नाही. तिला फोन केला की ती मितूला झोपवत असते, आणि मला तिला चकित करायचं होतं.

नारायण पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधी किटलीएवढं हातातलं यंत्र दाखवलं. ते वाकून चालवायचं, माझी कंबर ते सोसणार नाही. मग एक उभ्या दांड्याचं दाखवलं. त्याला खाली कापड लावायचं, वाफ बेताची. दोन खोल्यांना हेच पुष्कळ झालं, असं त्याचं मत. मी म्हणालो, बेताची नको, मोप हवी. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, की आपण घरी बस धुता का. शेवटी कोपऱ्यातलं चाकांवरचं, मोठ्या टाकीचं काढून दिलं. जुन्या टाइलांचे सांधे एवढा जोर सोसत नाहीत, असं काहीसं पुटपुटला. मी रिक्षात बसलोसुद्धा होतो.

काय सांगू! बटण दाबलं नि खोली दिसेनाशी झाली. कपाट गेलं, खिडकी गेली. त्या पांढऱ्यात मला चुलीपाशी बसलेली आई दिसली, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारणारी. सांध्यांतून काळं पाणी वाहत होतं. पुसत होतो आणि मोठ्याने कविता म्हणत होतो. किती दिवसांनी या घरात कुणाचा तरी आवाज झाला!

दीक्षा पुढच्या रविवारी मितूला घेऊन बघायला येते आहे. मी पाळण्यासाठी छताला कडी लावून घेतली.

आशीर्वाद धाड.
तुझा,
दशरथ


बिबवेवाडी, पुणे ३७
२६ ऑगस्ट २०२४

ती. कांताताईस,
जयभीम.

दीक्षा आली आणि दारातच थबकली. सांध्यातलं सिमेंट जागोजाग उडून गेलं होतं. वाफेच्या धुंदीत मला ते दिसलंच नाही. चार टाइला पायाखाली डुलत होत्या. मितूने एका फटीतून खडा काढून तोंडात घातला, दीक्षाने झडप घालून तो बाहेर काढला.

एवढं राक्षसी यंत्र कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. मी तिचाच निरोप तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला, मग माझ्याकडे बघत राहिली. मॉप हो बाबा, मॉप म्हणजे पोछा, असं म्हणाली. मला हसू फुटलं. वाटलं, आता तीही हसेल. ती हसली नाही. उद्या मितूच्या औषधाच्या बाटलीवर काही लिहिलेलं असेल आणि तुम्ही त्याचीही कविता कराल, एवढंच हळू आवाजात म्हणाली. रागावून म्हणाली असती तर मी भांडलो असतो.

पाळणाघर ठरलं. निघताना तिने माझ्यासाठी पोळ्या करून ठेवल्या. परवापर्यंत पुरतील.

तुझा,
दशरथ


पवनी, जि. भंडारा
१ सप्टेंबर २०२४

चि. दशरथ यास,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पोरगी बरोबर बोलली, आणि तुला लागलं तेही बरोबर. दोन्ही एकाच वेळी असू शकते.

एवढी वर्षं टपालात काढलीस. लोक कधी पोस्टमनच्या घरी पत्र घ्यायला आले का? पोस्टमनच जातो ना दारी? मग जा की. पण आधी ते भूत दुकानात परत नेऊन दे.

तुझी,
कांताताई


बिबवेवाडी, पुणे ३७
२९ सप्टेंबर २०२४

ती. कांताताईस,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं ऐकलं. दुकानदाराने ‘वापरलेला माल बदलून मिळणार नाही’ ही पाटी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, मगच यंत्र बदलून दिलं. दांड्याचं आणलं आणि थेट हिंजवडीला दीक्षाच्या घरी नेलं.

दीक्षाला विचारलं, की शनिवारी तू घरी असतेस तेव्हा तुझी फरशी पुसून देत जाऊ का? औषधाच्या बाटलीला हात लावणार नाही, असंही सांगितलं. तिचे डोळे भरले. बरं म्हणाली.

आता दर शनिवारी बसने जातो. दोन बस बदलाव्या लागतात आणि त्या गर्दीत बसल्याबसल्या अख्खी कविता म्हणून होते. दीक्षा आतल्या खोलीत झोपते, आठवडाभराची झोप साठलेली असते बिचारीची. तिने मधलं दार उघडं ठेवलेलं असतं. ते का, हे मला कळतं.

मितू मला ओळखत नाही. आठवड्यातून एकदा दिसणारा म्हातारा तिने का ओळखावा? कडेवर घेतलं की रडते. पण यंत्राची फुसफुस सुरू झाली की कुठूनही रांगत येते, आणि हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर बसून ती वाफ बघते. कधी हसते. यंत्र थांबलं की वळून निघून जाते.

दोन खोल्यांची ती फरशी, लवकर लख्ख होते. मी टाकीत पुन्हा पाणी भरतो.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
दशरथ