सूज नव्हती

किन्हवली,
ता. १४ सप्टेंबर २००३

प्रिय श्वेताताईस,
सप्रेम जय भीम.

दाजींची वाशिंदच्या कारखान्यातली पाळी बदलल्याचं महादूकाकांकडून कळलं. माझी बदली मुरबाड तालुक्यात झाली, ग्रामसेवक म्हणूनच. इकडे भात पोटरीला आलंय.

आई आता अंथरुणातून उठत नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पाणी चमच्याने पाजतो. तुला कळवू का विचारलं, तर म्हणाली, "नको, तिला तरास नको."

पाच वर्षं तू या घराची पायरी चढली नाहीस. तुझी आमू आपल्या आईच्या हलगर्जीपणाने गेली, असं तू धरून बसलीस. तुझं चुकलं नाही, आईनेच तुला तसं सांगितलं होतं. ते खरं नाही, ताई.

त्या पावसाळ्यात तू आमूला आमच्याकडे ठेवलं होतंस. माझा भरतीचा अभ्यास चालू होता. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात बोट घालून आमू मला प्रश्न विचारायची. "मामा, पेरूची राजधानी कुठली?" पेरूला राजधानी असते याचं तिला फार हसू यायचं. गावात कुणाचं काही अडलं की लोक माझ्याकडे येत. आपल्याला सगळं येतं, असं मलाही वाटायला लागलं होतं.

त्या सकाळी ती पोट धरून उठली. आईला तिच्या कानामागे दोन बारीक टोचे दिसले. अंथरूण झटकलं, काही निघालं नाही.

"साप लागला असंल रे. शापूरला नेऊ. जीप उभी हाय."

मी पुस्तकातून मान वर केली. "विषारी साप चावला तर सूज येते, आग होते. हिला काय नाय. ओवा दे."

आई पुन्हा म्हणाली. मी खेकसलो, "तुला काय कळतं त्यातलं?" जीप गेली.

दहाच्या सुमारास आमूच्या पापण्या मिटायला लागल्या. मला वाटलं, झोप येतेय. मग थुंकी गिळवेना, आवाज नाकातून यायला लागला. "मामा, तू दोन दोन दिसतोस," म्हणाली. तेव्हा मी उठलो. दुसरी जीप मिळायला पाऊण तास गेला. शहापूरच्या अलीकडे, माझ्या मांडीवर तिचा श्वास थांबला.

डॉक्टर म्हणाले, मण्यार असणार. मण्यार चावली तर सूज येत नाही. सकाळीच आणायला हवी होती.

तू आलीस तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "मीच म्हनले, राहू दे." नंतर मला म्हणाली, "तुजी परीक्षा हाय. तिचा राग मी झेलन." मी गप्प बसलो. पंधरा दिवसांनी भरतीच्या पेपरात प्रश्न आला, कोणत्या सापाच्या दंशाने सूज येत नाही? मी बरोबर उत्तर लिहिलं. ती नोकरी मी आजवर करतोय.

मला माफ कर, असं मी लिहीत नाही. आईला माणसं ओळखू येतात तोवर ये. तिला काय बोलायचं ते तू ठरव. येण्याआधी निरोप पाठवलास तर मी मुरबाडलाच थांबेन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. बारकीमावशी दिवसभर तिच्याजवळ असते.

आमूला घरी थांबवणारा,
नरेंद्र