गिअरबॉक्सला केलेला आग्रह

कोल्हापूर,
मंगळवार, ६ फेब्रुवारी १९७९

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी श्यामलाचा नमस्कार.

(साष्टांग लिहिलेला नाही. माझा डावा गुडघा वाकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि जे प्रत्यक्षात करता येत नाही ते कागदावर करण्याची मला सवय नाही.) तुमचं ब्लडप्रेशर आता उतरलं असेल अशी आशा आहे. उतरलं नसेल तर हे पत्र आधी वहिनींनी वाचावं आणि तुम्हाला बेताबेताने सांगावं. नागपूरच्या थंडीत तुम्ही कानटोपी घालता की दिसायला बरं नाही म्हणून खिशात ठेवता, तेही वहिनींनीच कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे. निदान ज्यांना मी विचारलं त्यांनी माझ्यासमोर तरी तसंच सांगितलं.

तुमचं वीस तारखेचं पत्र मिळालं. गाडी म्हातारी झाली, गिअर घसरतात, श्यामला बासष्ट वर्षांची, एकटी बाईमाणूस, रस्त्यात कुठे अडकली तर काय, हे सगळं तुम्ही फार काळजीने लिहिलं आहे. त्याखाली तितक्याच काळजीने अट घातली आहे: मुरगूडचे हंबीरराव बँडवाले वरातीसाठी गाडी मागताहेत, त्यांना शेजारी बसवून पन्हाळा चढून दाखव, वाटेत न थांबता चढली तर गाडी तुझ्याकडे राहील, थांबली तर ते तिथूनच घेऊन जातील. कलकत्त्याला साहेबाच्या कंपनीत पस्तीस वर्षं काढून तुम्ही दोनच गोष्टी आणल्या, ही दोन दारांची हिरवी विलायती गाडी आणि सख्ख्या बहिणीशी करारनाम्याच्या भाषेत बोलण्याची पद्धत. गाडी जास्त टिकेल असं मला वाटलं होतं.

या गाडीला क्लच नाही, हे तुम्ही बहुधा विसरलात. गिअर तिचे तीच बदलते, त्यामुळे डाव्या पायाला तिच्यात काही कामच नाही. एस.टी.ची पायरी माझ्या गुडघ्याला झेपत नाही. रिक्षात मी बसू शकते, पण मला बाहेर काढायला दोन माणसं लागतात आणि ती दोन्ही सल्ले देतात. मला माझ्या मनाप्रमाणे कुठे नेईल अशी या जिल्ह्यात ही एकच वस्तू आहे. दर दुसऱ्या शनिवारी मी राधानगरीला नंदिनीकडे जाते (कॉन्व्हेंटमधली माझी मैत्रीण, आम्ही इंग्रजीत भांडतो, कारण मराठीत भांडलं तर तिच्या सुनेला कळतं). गाडी गेली की मी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांच्या चुका सांगत उरलेलं आयुष्य काढणार, आणि या कल्पनेने आपली गल्ली माझ्याहून जास्त घाबरली आहे.

म्हणून आधी चार गॅरेजांत गेले. चौघांनीही बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि एकच वाक्य उच्चारलं, ‘खोलून बघू.’ या गावात खोललेली वस्तू परत बसवली की दोन-तीन भाग उरतात आणि ते मुळातच जास्तीचे होते असं सांगितलं जातं. मी घरी येऊन गाडीबरोबरचं पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की गिअर घसरू लागल्यास प्रथम गिअरबॉक्सचं तेल बदलावं. सोळा वर्षांत ते तुम्ही एकदाही बदललेलं नाही. (याबद्दल मी काही म्हणत नाही. वहिनी म्हणतील.) मुंबईहून लाल तेलाचे डबे मागवले आणि आकारामला बोलावलं. आकाराम म्हणजे आपली विहिरीची मोटर दुरुस्त करतो तो. त्याने गाडीखाली डोकावून विचारलं, ‘बाई, क्लच न्हाय? मग गिअर बदलतोय तो कुणाच्या मनानं?’ मी म्हटलं, स्वतःच्या. तो म्हणाला, ‘मग बिघडणारच की.’

गाडीखाली शिरायला खड्डा हवा होता. तो शेजारच्या बाळासोंकडे होता. त्यांनी संडासाच्या टाकीसाठी अंगणात नुकताच खणून घेतला होता (टाकी बसायची होती, खड्ड्याचा वापर सुरू झालेला नव्हता, हे वहिनींसाठी). शनिवारी सकाळी खड्ड्यावर दोन जाड तुळया टाकून गाडी वर घेतली. बाळासो दूध संघात असल्यामुळे मापं त्यांच्याकडे तयारच होती. जुनं तेल निघालं ते काळं होतं आणि त्याला करपलेल्या दुधाचा वास होता. हे मत बाळासोंचं, आणि त्या विषयात त्यांचा अधिकार मोठा आहे. ते सव्वातीन लिटर भरलं. पुस्तकात म्हटलं आहे की जितकं निघेल तितकंच घालावं, इंजिन चालू ठेवून, गरम असताना तेल मोजायची पट्टी बुडवून पाहावं, आणि वरच्या रेघेपलीकडे एक थेंबही जाऊ देऊ नये. मी सव्वातीन लिटर मोजून घातलं, इंजिन चालू केलं, पट्टी पाहिली. तेल बरोबर रेघेवर होतं. गुडघा शेकायला मी अर्धा तास घरात गेले.

दादा, माझी चूक ही, की मी खड्ड्याभोवती तीन कोल्हापुरी माणसं आणि उघडा तेलाचा डबा ठेवून आत गेले.

ती पट्टी दीड हात लांब आहे आणि रेघ तिच्या अगदी बुडाशी आहे. आकारामने ती काढून पाहिली. एवढी लांब पट्टी, आणि तेल नुसतं टोकाला लागलेलं. आलेल्या पाहुण्याच्या ताटात भात फक्त बोटभर वाढलेला पाहून या गावातल्या माणसाला जे होतं ते त्याला झालं. त्याने एक कप तेल घातलं. तो हात धुवायला गेला तेव्हा बाळासोंनी पट्टी पाहिली आणि त्यांनी एक घातला. बाळासोंच्या आई तानाबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी पट्टी पाहिलीच नाही. ‘माझ्या हातचं येवढं एक’ म्हणून घातला. कुणी कुणाला सांगितलं नाही, कारण आग्रह केल्याचं सांगायचं नसतं. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की पेला काठोकाठ भरणं हे असभ्यपणाचं लक्षण आहे. इथे काठाच्या आत थांबणं हे आहे.)

रविवारी हंबीरराव आले. पिवळा फेटा, पांढरी विजार, आणि बसण्याआधीच त्यांनी गाडीला दोन हार कुठे लागतील ते बोटाने मोजलं. मागच्या फळीवर दोन लहान मुलं किंवा एक आकाराम मावतो, तो मावला. वाघबिळापर्यंत गाडी अशी गेली की मला तुमची कीव आली. गिअर कधी बदलले ते कळलंसुद्धा नाही. मग चढ लागला. दुसऱ्या वळणावर इंजिन मोठमोठ्याने ओरडू लागलं, गाडी मात्र चालत्या माणसाच्या वेगाने जाऊ लागली, आणि तिसऱ्या वळणावर तीही इच्छा तिला उरली नाही. बॉनेटखालून धूर आला आणि गुलाबी फेस रस्त्यावर टपकू लागला. मागे एस.टी. हॉर्न वाजवीत उभी राहिली. हंबीरराव मात्र खुशीत होते. म्हणाले, ‘वरातीला अशीच पायजे बघा बाईसाहेब. आवाज मोठा, चाल बारीक.’

मी पट्टी काढली. ती वरपर्यंत फेसाने माखलेली होती. मी आकारामकडे पाहिलं. त्याने दरीकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘म्या एकच कप घातला, आईशप्पत. बाकीचं बाळासोंनी आन् तानाबाईंनी.’ तेल जास्त झालं की आतली चाकं ते घुसळतात, ताकासारखा फेस होतो, आणि फेसाने गाडी चढत नाही. हे पुस्तकात आहे. आग्रहाबद्दल पुस्तकात काही नाही, कारण ते विलायतेत लिहिलेलं आहे.

जास्तीचं तेल काढायचं तर पट्टीच्या नळीत रबरी नळी घालून तोंडाने ओढायला हवं. नळी आकारामच्या पिशवीत होती. दम मात्र विड्यांनी खाल्ला होता. उरले हंबीरराव, तरुणपणी ट्रंपेट वाजवलेले. त्यांनी काहीच केलं नसतं तर गाडी त्यांची होती. मी त्यांना एवढंच विचारलं, की तुमच्या बँडमध्ये फुंकणारी माणसं तुम्ही बाहेरून आणता का. त्यांनी फेटा काढून माझ्या हातात दिला, नळी तोंडात धरली आणि दोन झटक्यांत तेल खाली आणलं. माझ्या थर्मासच्या झाकणाने मोजून चार कप निघालं. तोंड पुसत म्हणाले, ‘रॉकेलपेक्षा बरं हाय.’ फेस बसेपर्यंत आम्ही सत्तावीस मिनिटं थांबलो. मग इंजिन चालू करून रेघेवर तेल पाहिलं आणि गाडी अशी चढली की ती एस.टी. आम्हाला वर पोचल्यावर मागून आलेली दिसली.

वर गेल्यावर हंबीरराव नम्रपणे म्हणाले, ‘बाईसाहेब, अट म्हंजे अट. गाडी थांबली. चावी द्या.’ ते बरोबर होतं. नन्सनी शिकवलेल्या ज्या दोन-चार गोष्टी मला अजून सोडता आलेल्या नाहीत, त्यांपैकी दिलेला शब्द ही एक आहे. मी चावी दिली आणि आयुष्यात प्रथमच त्या गाडीत डाव्या बाजूला बसले. मी कुठे पाहत होते हे विचारू नका.

हंबीरराव तीस वर्षं बँडचा ट्रक चालवतात. वेग जरा कमी करायची वेळ आली की त्यांचा डावा पाय क्लच दाबायला आपोआप जातो. इथे त्या जागी ब्रेकची रुंद पट्टी आहे. त्यांनी ती ट्रकचा क्लच दाबावा तशी दाबली. आकाराम मागून पुढे आला. फेटा समोरच्या काचेवर गेला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा ते डाव्या पायाची मांडी घालून बसले. पहिल्याच वळणावर मांडी आपणहून सुटली आणि काचेवर त्यांचं कपाळ आपटलं. मग आकारामने चालवून पाहिली. त्याने मला चहासकट काचेवर घातलं. शेवटी हंबीररावांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि कपाळ चोळत म्हणाले, ‘घ्या बाईसाहेब. हिला डाव्या पायानं अधू माणूसच लागतंय.’ आणि जीभ चावली. त्याची काही गरज नव्हती. माझ्या गुडघ्याबद्दल आजवर कुणी काढलेले हे पहिले चांगले उद्गार आहेत.

तेव्हा तुमच्या अटीप्रमाणे मी हरले आहे आणि गाडी हंबीररावांची आहे. पण हंबीरराव ती घेत नाहीत. या प्रसंगासाठी तुम्ही काही अट घातलेली नाही. दुसरं गिऱ्हाईक शोधण्याचा त्रास घेऊ नये. औषधं वेळेवर घ्यावी. वहिनींना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक,
श्यामला

ता. क. : तीन माणसांनी तीन कप घातले आणि निघाले चार, हे तुमच्यासारख्या माणसाच्या लक्षात आलंच असेल. चौथा माझा. रविवारी निघण्यापूर्वी मी पट्टी पाहिली. इंजिन थंड होतं, थंड तेल पट्टीवर कमी दिसतं, चढ मोठा होता, आणि गाडी मला उपाशी वाटली. हे आकारामला कळवू नये.

ता. क. २ : गाडी माझ्या नावावर करण्याचा फॉर्म सोबत जोडला आहे. तुम्हाला शोधाशोध नको म्हणून जिथे जिथे तुमची सही लागते तिथे ती मी पेन्सिलीने केली आहे. तुम्ही फक्त वरून शाई फिरवावी आणि रजिस्टर्ड पोस्टाने उलट टपाली पाठवावी. सहीतला ‘द’ तुमच्यापेक्षा मला चांगला जमला आहे, तेवढा बिघडवून घ्यावा.

ता. क. ३ : घाई एवढ्यासाठी, की अठरा तारखेला आजऱ्याला हंबीररावांच्या बँडची वरात आहे आणि गाडी मी चालवणार आहे. वरातीबद्दलची माझी मतं तुम्हाला माहीत आहेत. ती बदललेली नाहीत, फक्त या हंगामापुरती बाजूला ठेवली आहेत. काल नवऱ्या मुलाची आई गाडी बघायला आली होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, मग माझ्याकडे पाहून हळूच हंबीररावांना विचारलं, ‘आन् ह्या कोण?’ हंबीरराव म्हणाले, ‘त्या गाडीबरोबरच येत्यात.’ मी त्यांना दुरुस्त केलं नाही.