कांद्याचं इंजिन

बाबा, तुमी खोटारडे होते. मेलेल्या मानसाले असं बोलू नाई, असं आई म्हनते. पन दहा वर्सं झाली तुमाले जाऊन, आता तरी बोलू द्या.

चार दिवसाआधी दोस्तानं त्याच्या वाढदिवसाले नेलं. अमरावतीत नवीन जपानी हॉटेल निघालं, तेपन्याकी म्हनते त्याले. टेबलाच्या मधातच हा मोठा लोखंडी तवा, आपन भवताल बसाचं, अन् शेफ समोरच करून देते. मी म्हनलं, ही त आपली आमलेटची गाडीच हाये, फक्त एसीत उभी. खाच्या काड्या देल्या होत्या, त्या मी नाकात खुपसून सगळ्याले हासवून राह्यलो होतो. तेवढ्यात शेफनं कांद्याच्या चकत्या कापल्या. मधला गर काढून मोठी खाली, लहान वर, धुराड्यासारख्या रचल्या. मधात पानी टाकलं. भसकन वाफ निघाली, अन् तो उलथन्यानं ढकलत म्हनते, "कुऽऽक!"

माह्या नाकातल्या काड्या खाली पडल्या.

"भाऊ, हे कुठून चोरलं?"

पोरगा अकोल्याचा होता. हासला. "चोरलं? दादा, हे त आमाले पयल्याच दिवशी शिकवते. दुनियाभर करते."

"माह्या बाबानं काढलं हे!"

सारं टेबल हासलं. जिंदगीत एकदा खरं बोललो, तर तेई लोकाले मजाक वाटली. अन् तेई खरं निंघालं नाई.

आठोते का बाबा? मी सात वर्साचा हावो. ताप आला म्हनून जेवनाकडं तोंड फिरवून बसलो हावो. तुमी तुमच्या आमलेटच्या गाडीवरच्या तव्यावर कांद्याचं इंजिन करता, एकेक अंडं म्हंजे एकेक टेसन. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला! "तुह्यासाठीच काढलं लेका. दुनियेत कोनालेच येत नाई." मंग पाचवीत मास्तरनं इचारलं, रेल्वेचं इंजिन कोनं काढलं? मी छाती फुगवून म्हनलं, माह्या बाबानं. दिवसभर वर्गाच्या बाहीर उभा होतो. तुमाले सांगतलं, तं तुमी पोट धरून हासले अन् मले डबल अंड्याचं आमलेट खाऊ घातलं. बाबा, त्या दिवशी सांगता आलं असतं ना!

घरी येऊन आईले धरलं. ती गहू निवडून राह्यली होती. म्हने, "लग्नाआधी मुंबईले मोठ्या हॉटेलात भांडे घासत होते ते. तिथल्या जपानी आचाऱ्याले दाराच्या फटीतून पाहून पाहून शिकले. पोराले सांगू नको म्हनत."

मी म्हनलं, म्हंजे आई, तुले मालूम होतं? दोघंई मिळून? घरात गंमती मी करतो, अन् सगळ्यात मोठा उल्लू मीच!

दोन दिवस तुमच्या फोटोकडं पाह्यलं नाई.

काल ताईची पोरगी दूध प्याले तयार नोती, रुसून बसली. मी गॅसवर तवा ठेवला, चकत्या रचल्या, पानी टाकलं. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला! पोरीचे डोये हे एवढे झाले. म्हने, "मामा, हे कोनं काढलं?"

आई दारातच उभी होती.

"म्या," मी म्हनलं. "तुह्यासाठीच."

तुमच्यावर राग हायेच. पन हा कागद मी घरात ठेवत नाई, जाळून टाकतो. तुमी त कोनाले सांगनार नाई, पोरगी मात्र पुढच्या वर्सी वाचाले शिकते.