दूध लौटावा

मुंबई, १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बिसरामदादास, जय सेवा. रीनाचा शि. सा. न. वि. वि.

तू फोन ठेवून दिलास, म्हणून लिहिते आहे. भांडायला नाही. वहिनीचा गुडघा कसा आहे?

तुझ्या नीलेशसाठी तू आपल्या बहिणीची, लीलाबाईची खुशबू मागितलीस. आपल्या घरची मुलगी तिकडे गेली, आता तिची लेक आपल्या घरी येणार, आपल्या रीतीनं दूध लौटणार, परत येणार. यात तुझी काही चूक नाही. पण आपली बहीण सुमित्रा आठव. दुधाचा दात पडला आणि तोंडातलं रक्त थांबलंच नाही, ती गेली. डॉक्टर म्हणाले होते, प्लेटलेट भरपूर आहेत. खरंच होत्या. धानाच्या बांधीची पार फुटली की आपण चिखल लावून पाणी अडवतो. तिच्या रक्तातला चिखल धरतच नव्हता.

इथल्या प्रयोगशाळेत मी पंधरा वर्षं त्याच आजारावर काम करते आहे. तिला तो दोष अर्धा आईकडून, अर्धा बाबांकडून आला. एकच अर्धा असला तर माणूस ठणठणीत राहतो. माझ्यात तो आहे. तुझ्यात, लीलाबाईत, पोरांतही असू शकतो. दोघांचं रक्त मला तपासू दे. तोवर वैशाखातली तारीख धरू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी रीना

दरेकसा, २९ जानेवारी

चि. रीनास, जय सेवा व आशीर्वाद.

पत्र लीलाबाईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, हिनं स्वतः लग्न केलं नाही, आता माझ्या लेकीत काऊन खोट काढून राहिली? मग रागारागात तीच खुशबूला घेऊन गोंदियाला गेली. नीलेशही गेला. दोघांचं रक्त तुझ्याकडे निघालं आहे.

मला एक सांग. पंधरा वर्षं रक्त पाहून राहिली तू, औषध निघालं का? नसेल निघालं तर नुसतं नाही म्हणायचा पगार घेते का? वहिनी म्हणते, असं लिहू नका. लिहून झालं. तिचा गुडघा तसाच. तुझ्यासाठी लाखोरीची डाळ ठेवली आहे.

राग मानू नको, मानलास तर लवकर सोड.

बिसराम

मुंबई, १७ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

औषध निघालं नाही. तू विचारलंस ते मी रोज स्वतःला विचारते. आजार ओळखता येतो. रक्त वाहू लागलं तर दुसऱ्याच्या प्लेटलेट चढवता येतात. पुढे पुढे काहींचं शरीर त्याही नाकारतं. अशा पोरांच्या आया माझ्या दाराशी बसलेल्या असतात.

दोष नीलेशमध्ये आहे. खुशबूमध्येही आहे. मी पुन्हा तपासलं, मग सहकाऱ्याकडून तपासून घेतलं. प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक सुमित्रा. दादा, पाया पडते, हे लग्न थांबव.

तुझी रीना

दरेकसा, २८ फेब्रुवारी

चि. रीनास, आशीर्वाद.

लग्न मोडलं. सुमित्राला मांडीवर घेऊन स्टेशनावर गाडीची वाट पाहत मीच बसलो होतो. तू फार लहान होतीस. तुझं पत्र वाचून तेवढंच डोळ्यांपुढे आलं. लीलाबाई पाणीही न पिता उठून गेली. म्हणाली, आजपासून मला माहेर नाही. नीलेश न सांगता हैदराबादला कामाला निघून गेला.

तुझंच खरं झालं. आता आमच्यात आणखी काही शोधू नको बाई.

बिसराम

सालेकसा, ६ मार्च

तीर्थरूप रीनामावशीस, सा. न. वि. वि.

आई घरात तुझं नाव घेऊ देत नाही. फोनही तिच्याकडेच, म्हणून हे मैत्रिणीच्या हातून पाठवते आहे. मला तिसरा महिना आहे. रक्त दिलं तेव्हा ठाऊक नव्हतं. नीलेशला मैत्रिणीच्या फोनवरून कळवलं. तो यायला तयार आहे, पण म्हणतो, बाबा आता ऐकणार नाहीत.

तू केलंस ते बरोबर केलंस, असं आई सोडून सगळे म्हणतात. मग मी कुठे जाऊ? पोटातल्याचं तपासता येतं का? आणि ते चारातलं एक निघालं तर तू मला काय सांगशील, तेही आत्ताच सांग. नंतर माझ्याने ऐकवणार नाही.

तुझी खुशबू

मुंबई, ११ मार्च

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

हे लग्न लाव. थांबव म्हणून पाया पडले होते, आता लाव म्हणून पडते. रिपोर्ट बदललेला नाही. कारण मला विचारू नकोस. नीलेशला बोलाव, तो सांगेल. लीलाबाईच्या दारी तू स्वतः जा. ती बोलेल ते ऐकून घे आणि सगळा दोष माझ्यावर टाक.

आठवड्याभरात मी निघते आहे. परतताना खुशबूला तपासणीसाठी सोबत आणीन. काय निघेल, मला माहीत नाही. तिनं मला एक प्रश्न विचारला आहे. पंधरा वर्षांत त्याचं उत्तर मी शिकले नाही, आणि गाडी दरेकशाला पोचेपर्यंत ते सुचेल असंही वाटत नाही.

माझ्यासाठी काही लोभ उरला असेल, तर तो या वेळी तिला दे.

तुझी रीना