रविवारचे फोन

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आमच्या ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त तेच कुरकुरतात. तुझं भाषण छान झालं असं आई शेजारीपाजारी सांगत असते. झालंच छान. मी मागच्या रांगेत होते.

तू बोलावलं नव्हतंस. म्हटलं, बघू तरी आपली ताई एवढ्या लोकांपुढे कशी बोलते. ठेवणीतला ड्रेस घालून आले होते गं.

मेंदूतल्या मज्जापेशींना जपणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, त्यांना हार्मोन बळ देतं, आणि बाईची अंडाशयं काढली की ते बळ एकदम तुटतं, हे तू इतकं सोपं करून सांगितलंस की मलासुद्धा कळलं. मग म्हणालीस, "माझ्या ओळखीतली एक शिंपीण. ऑपरेशननंतर तिने एकाच शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या." लोक हसले. तूही हसलीस.

ते मी तुला रडत सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालीस, "वय झालं आता, मनाला लावून घेऊ नकोस. कात्री खाली ठेव." ठेवली. तुला "जरा आराम करतेय" एवढंच म्हटलं होतं, पण तुझ्या शब्दावर मी दुकान बंद केलं. कापायचं टेबलही देऊन टाकलं.

आणि दर रविवारी तुझा फोन. "या आठवड्यात काय काय विसरलीस?" मला वाटायचं, माया. मी आठवून आठवून सांगायचे, कधी तुला हसवायला तिखटमीठ लावून. तेही भाषणात आलं.

बाहेर गाठलं तर म्हणालीस, "अगं, हे अजून उंदरांवरच दिसलंय. तुला उगाच आशा कशाला लावायची?" उंदरांवरच दिसलंय, तर भाषणात मी कशाला होते?

काल डॉक्टरीणबाईंकडे गेले. ऑपरेशननंतर लगेच यायला हवं होतं म्हणाल्या. आता तपासून बघू, हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होईलच असं नाही. "इतके दिवस कुणालाच विचारलं नाहीत?" तुझं नाव घ्यायची लाज वाटली, आणि ती तुझ्यासाठी वाटली, याचाच मला जास्त राग आलाय.

रविवारी फोन करू नकोस. केलास तर मी उचलेन आणि सगळं सांगत बसेन. म्हणून करू नकोस.

तुझीच, काय करणार,
धाकटी