शनिवारचा कॉलम

६ जानेवारी, मंगळवार

संपलं! लंडनच्या पेपरची मेल आली — साहेबांचा आठवणींचा कॉलम बंद. चाळीस वर्षं ब्रिटिश राजघराण्याच्या मागे फिरून बातम्या दिल्या त्या माणसाने, आणि निरोप चार ओळींत! साहेबांना आता दिसत नाही, त्यांची मेल मीच वाचते. म्हणजे बहरीनमध्ये हे फक्त मला माहीत आहे.

त्यांचा मुलगा रॉजर तिकडे टपूनच बसलाय. निवृत्तीनंतर साहेब इथे आले ते बाईसाहेबांमुळे, त्या इथे शाळेत शिकवायच्या. त्या वारल्या, तरी साहेब इथून हलेनात. शेवटी बापलेकात ठरलं — कॉलम चालू आहे तोवर बहरीन, बंद झाला की इंग्लंडात वृद्धाश्रम. माझा व्हिसा साहेबांच्या नावावर; ते इंग्लंडला गेले की तो खलास. माझा नवरा शहजाद वारल्यापासून झोया माझ्याच व्हिसावर. आणि पोरीची बारावीची परीक्षा तोंडावर! आत्ताच यायचं होतं का हे?

७ जानेवारी, बुधवार

नाही सांगितलं. साहेबांनी नेहमीसारखा कॉलम तोंडी सांगितला, मी टाइप केला. "गेला?" — "गेला, साहेब."

१० जानेवारी, शनिवार

शनिवारी छापून आलेला कॉलम त्यांना वाचून दाखवायचा असतो. छापलाच नाही, तर वाचू काय? माझ्याच टायपिंगवरून वाचला. मथळा मनानेच ठोकून दिला.

दर शनिवारी लंडनवाल्यांचा उद्धार ठरलेला — "कसाई! जागा नाही म्हणून परत शेवटचा परिच्छेद कापला!" आज मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. म्हटलं, म्हाताऱ्याला तेवढंच सुख. खूश झाले असावेत. लंडनवाल्यांना आज एकही शिवी नाही.

१४ जानेवारी, बुधवार

परत "गेला, साहेब." या अल्ला, माफ कर.

१७ जानेवारी, शनिवार

आजचा कॉलम राजकन्येच्या बाळंतपणाचा. हॉस्पिटलबाहेर पावसात दोन दिवस उभे होते सगळे वार्ताहर, एकमेकांचे मफलर पिळत. आणि शेवट बाईसाहेबांवर — घरी पोचलो तर ती म्हणाली, बाळ राहू दे, तू जेवलास का?

हे कापायला माझी जीभ धजेल? सगळं वाचलं. वाचता वाचता मलाच रडू आलं.

"वाचकांची पत्रं?" साहेबांनी विचारलं. एक आजीबाई तयार केली मी, यॉर्कशरची. "काय म्हणतात त्या?" — "तुमच्यामुळे शनिवारची वाट बघते म्हणतात." आता खोट्यालाही नातेवाईक फुटायला लागले!

२५ जानेवारी, रविवार

रॉजरचा फोन. "माझा मित्र म्हणतो, डॅडचा कॉलम हल्ली दिसत नाही." मी म्हटलं, आता इंटरनेटवर असतो. "अच्छा? पुढच्या महिन्यात येतोच आहे, तेव्हा दाखव."

काय दाखवू? माझं डोकं?

नईम भागातल्या आमच्या खोलीवर आले तर झोया फिजिक्स घेऊन बसलेली. "अम्मी, व्हाय आर यू क्राइंग?" कांदा कापत होते म्हटलं. "देअर इज नो कांदा, अम्मी." खरंच नव्हता. तिला घेऊन दापोलीला परत जायचं, वर्ष बुडवून? तिला हे कोणत्या तोंडाने सांगू?

३१ जानेवारी, शनिवार

आज सांगायचंच, असं ठरवून गेले. साहेब खुर्ची खिडकीशी ओढून, केस विंचरून बसलेले. "वाच." वाचला. पूर्ण. भ्याले मी, सरळ भ्याले. रॉजरने इथे यायचं तिकीट काढलंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

कॉलम सांगून झाला. मी म्हटलं, साहेब, एक सांगायचंय. त्यांनी हात वर केला — "आधी माझं ऐक. शनिवारी वाचताना शेवटचा परिच्छेद गाळत जा. चाळीस वर्षांत लंडनने माझा एकही कॉलम पुरा छापला नाही, मेहरीन. तू पहिल्या शनिवारपासून पुरा वाचतेयस."

मग म्हणाले, "झोयाचा शेवटचा पेपर कधी आहे? रॉजरला माझं तिकीट त्यानंतरचं काढायला सांगतो."