कापलेल्या नऊ नावांबद्दल

मी, रोझेटा मे टॉलिव्हर, वय सहासष्ट, कायद्याची निवृत्त प्राध्यापिका, राहणार बेल्स फोर्ड, ओकाटी काउंटी, अलाबामा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराचे म्हणाल तर स्वादुपिंडाने दगा दिला आहे आणि डॉक्टरांनी उन्हाळ्यापलीकडच्या तारखा देणे बंद केले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण रागामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, हे मी एकतीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवत आले. माझी यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी या लेखाने रद्द करते. ती फार सभ्य होती.

१. राहण्याचे ठिकाण. माणूस ज्या काउंटीत कायमचा राहतो, तिथल्याच प्रोबेट कोर्टात त्याचे मृत्युपत्र सिद्ध होते. म्हणून मी दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाचे शहर सोडून आईच्या या घरात परत आले. मतदार यादीतले नाव इथे आणले, गाडीचा परवाना बदलला, चर्चच्या गायकवृंदात जागा नव्हती तरी मागे उभी राहिले. माझी भाची डेल्फीन तेव्हा म्हणाली होती, "आत्या, तिथे धड हॉस्पिटलसुद्धा नाही. मरायला चाललीस का?"

"हो," मी म्हटले. "आणि पत्ता बघून चाललेय."

या काउंटीच्या प्रोबेट कोर्टात न्यायाधीश म्हणून लॉयड ग्रेसन हेंब्री बसतात. गेल्या नोव्हेंबरात ते तिसऱ्यांदा निवडून आले. त्यांची मुदत अजून सहा वर्षे आहे, माझी तेवढी नाही. तेव्हा हा कागद त्यांच्याच टेबलावर जाईल, याची खात्री मी करून घेतली आहे.

२. घर. हे घर, मागचे अंगण आणि पीचची दोन झाडे मी माझा धाकटा भाऊ क्लीव्हलंड टॉलिव्हर याला देते. क्लीव्ह राज्याच्या तुरुंगात आहे, आज एकतीस वर्षे. तो येईपर्यंत घर त्याची मुलगी डेल्फीन हिने सांभाळावे. भाड्याने देऊ नये, विकू तर नयेच. मागच्या खोलीतला पलंग मी सुताराकडून लांब करून घेतला आहे, कारण आमच्या घरातले सगळे पलंग त्याला आखूड पडायचे. कपाटात तीन शर्ट आणि दोन पँट आहेत. भेटीच्या वेळी मी कमरेचे माप विचारले तेव्हा तो हसला होता. "ताई, माप कशाला? पार्सलने बाहेर काढणार आहेस का मला?" माप त्याने सांगितले. मग म्हणाला, "थोडं सैलच घे. बाहेरचं जेवण अंगी लागेल."

३. खटला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सन १९८८ मध्ये रेल्वे फाटकाजवळचा एक दुकानदार मारला गेला. क्लीव्ह त्या दुपारी आमच्या मामाच्या घराचे छप्पर शाकारत होता. सांगणारे चौघे होते, चौघेही काळे. त्याला पाठमोरा पाहिला म्हणणारा एक होता, गोरा. ज्युरीत बारा जण बसले, बाराही गोरे. त्यांना एक तास दहा मिनिटे पुरली.

ज्युरीसाठी बोलावलेल्यांच्या यादीतून दोन्ही बाजूंचे वकील आळीपाळीने नावे कापतात. उरतात ते बारा. त्या यादीत नऊ जण काळे होते. सरकारी वकिलांनी नऊही कापले. रंगावरून नाव कापायला कायद्याची मनाई आहे, म्हणून प्रत्येकासाठी त्यांनी उभे राहून एकेक कारण सांगितले. सरकारी वकील होते लॉयड हेंब्री, वय तेहतीस, निळा सूट. मी मागच्या बाकावर होते. श्रीमती हेट्टी गुडलो यांच्याबद्दल ते म्हणाले, "या बाई सारख्या मान हलवतात आणि स्वतःशी पुटपुटतात. मनाने स्थिर वाटत नाहीत."

हेट्टीबाई आमच्या चर्चमध्ये रविवारच्या शाळेत शिकवत. आमच्याकडे कोणी बोलत असताना गप्प बसणे म्हणजे त्याचा अपमान. मान हलवायची, "हो, हो", "खरंय बाबा" म्हणत राहायचे. त्यालाच आम्ही लक्ष देणे म्हणतो. त्या सकाळी त्या दालनात सर्वांत लक्ष देऊन ऐकणारी बाई हीच होती. तिलाच घरी पाठवले.

४. यादी. या मृत्युपत्रासोबत परिशिष्ट एक म्हणून जोडलेला कागद हा मृत्युपत्राचाच भाग आहे. तो वगळून नोंद करता येणार नाही. ती हेंब्री यांच्या फायलीतली ज्युरीची यादी आहे. ज्युरीच्या याद्यांतून काळ्यांची किती नावे कापली जातात, या संशोधनासाठी १९९६ मध्ये मी या काउंटीच्या जुन्या फायली मागितल्या. हेंब्री यांनी अर्जावर स्वतः सही केली आणि खोकी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "मोजा, प्रोफेसरबाई, हवं तेवढं मोजा. मोजल्यामुळे आजवर कोणी सुटलं नाही."

सातव्या खोक्यात ती यादी होती. नऊ नावांभोवती पेन्सिलीची वर्तुळे, आणि खाली त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच तारखेने, खटल्याच्या आदल्या दिवशी: "नऊही. कारणे नंतर बघू."

५. माझी चूक. हे कलम माझ्याविरुद्ध आहे.

तो कागद हातात आला त्याच दिवशी मी क्लीव्हसाठी अर्ज करायला हवा होता. पण मी विद्वान होते. आमचे डीन, प्राध्यापक ऑल्डन व्हिटेकर, म्हणाले, "रोझेटा, एका खटल्याचा कागद म्हणजे तक्रार. तीनशे खटल्यांचा कागद म्हणजे पुरावा. आणि भावासाठी लिहिलंस असं कोणाला वाटता कामा नये." मला ते पटले. मी राज्यभर हिंडून यादीमागून यादी उतरवत राहिले. वर्ष गेले. मध्यंतरी नवा कायदा आला होता आणि जुन्या कैद्यांना अर्जासाठी एकच वर्ष मिळाले होते. मला तारीख माहीत होती. मला वाटले, पुरते.

भेटीच्या खोलीत क्लीव्ह मशीनमधल्या चिप्स खात विचारायचा, "ताई, किती झाले?"

"दोनशे चौदा."

"आणि पाहिजेत किती?"

"तीनशे."

"मी त्यातला कितवा?"

"पहिला."

"मग पहिल्याला एवढं मागे का गं उभं केलंस?"

मी म्हटले, आता थोडेच राहिलेत. अर्ज अकरा दिवस उशिरा दाखल झाला. कोर्टाने कागद पाहिला नाही, तारीख पाहिली. मी ते सांगायला गेले तेव्हा क्लीव्हने चिप्सची रिकामी पिशवी घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तीनशे झाले का पण?"

"झाले."

"चला. कुणाचं तरी काम पूर्ण झालं."

तो चिडून बोलला असता तर मी आज इतकी चिडलेली नसते.

६. पुरस्कार. लेख १९९८ मध्ये छापून आला. आमच्या क्षेत्राचा रिवाज असा की नावे झाकायची. मी बेल्स फोर्डला 'काउंटी सात' म्हटले आणि हेंब्री यांना 'सरकारी वकील ख'. त्या लेखाबद्दल मला काचेचा एक गोळा मिळाला. राज्याच्या वकिलांच्या मेजवानीत तो दिला गेला आणि हेंब्री माझ्याच टेबलावर होते. कोंबडीचा तुकडा काट्यावर धरून ते म्हणाले, "तुमचा तो ख! काय हलकट माणूस आहे हो. माझ्या ऑफिसात असता तर कान धरून बाहेर काढला असता."

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ अपमान गिळले, पण हे हसणे माझे स्वतःचे होते, म्हणून ते अजून खाली उतरलेले नाही.

तरी या कलमाने मी जाहीर करते की ख म्हणजे लॉयड ग्रेसन हेंब्री. लेखाच्या पुढच्या सर्व प्रतींत तसेच छापावे, ही प्रकाशकांना अट आहे; अट मान्य नसल्यास लेख छापण्याचा हक्क मी काढून घेते.

काचेचा गोळा प्राध्यापक व्हिटेकर यांना देते. ते एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत आणि दर ख्रिसमसला मला लिहितात की तो लेख आपल्या दोघांचा अभिमान आहे. डेल्फीनने गोळा पोस्टाने पाठवू नये, दाराशी नेऊन द्यावा आणि म्हणावे, "आत्याने सांगितलंय, दार उघडं ठेवायला बरा आहे. अकरा दिवस पुरेल."

७. लॉयड हेंब्री यांना काहीही नाही. हे मुद्दाम लिहिते. त्यांना द्यायला माझ्याकडे एक वस्तू होती: कोर्टाच्या दुरुस्तीत लिलावात निघालेली ज्युरीची खुर्ची, सातव्या क्रमांकाची. फार मोह झाला. पण मी त्यांना शर्टाचे एक बटण जरी दिले तरी ते लाभार्थी ठरतील आणि त्या सबबीवर बाजूला होतील. म्हणून बटणही नाही. त्यांनी या मृत्युपत्राचे पान अन् पान वाचावे, प्रत्येकावर शिक्का मारावा, आणि ते काउंटीच्या दप्तरात उतरवावे, जिथे कोणताही शाळकरी पोर ते मागून वाचू शकतो. बाजूला व्हायचेच असेल तर कारण लेखी द्यावे लागेल. या वेळी कारण आधी.

खुर्ची हेट्टी गुडलो यांना द्यावी असे मनात होते, पण त्यांच्याकडे याहून मोठे काम आहे. ते पुढे येईल. खुर्ची क्लीव्हला. स्वयंपाकघराच्या टेबलाशी ठेवावी.

८. उरलेले. माझी पुस्तके आणि तीनशे खटल्यांच्या याद्या बेल्स फोर्डच्या सार्वजनिक वाचनालयाला, कुलूप न लावण्याच्या अटीवर. आईचा बिडाचा तवा डेल्फीनला. तो साबणाने धुवू नये. तू धुतेस, मला माहीत आहे. माझ्या दफनानंतरच्या जेवणाला मक्याचा कॉर्नब्रेड त्याच तव्यात करावा आणि पाद्रीबाबांना बोलायला पाचच मिनिटे द्यावीत.

९. सिद्धता. डेल्फीन टॉलिव्हर हिला मी व्यवस्थापक नेमते. "माझा बाप तुरुंगात गेला तेव्हा मी चार वर्षांची होते," एवढेच तिला कोर्टात सांगावे लागले तर तिने सांगावे, रडू नये. रडलीच तर रुमाल दुमडून रडावे, आजीसारखे.

मृत्युपत्राला नोटरीसमोरचे शपथपत्र जोडले की साक्षीदारांना कोर्टात यावे लागत नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते जोडतो. मी जोडलेले नाही. विसरलेले नाही, जोडलेले नाही. म्हणून साक्षीदारांना प्रत्यक्ष बोलवावे लागेल, शपथ द्यावी लागेल, आणि विचारावे लागेल: मयत बाईंना आपण कसे ओळखता? कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. माझे पाच आहेत. कापलेल्या नऊपैकी एवढेच आज जिवंत आहेत. मी पाचांचीही साक्ष घेण्याची विनंती करते. त्यांना या मृत्युपत्राने एक चमचाही मिळत नाही, तेव्हा त्यांच्या शब्दावर कोणी बोट ठेवू शकणार नाही.

आमच्या नव्या सरकारी वकीलबाई मला म्हणाल्या आहेत, "कपाटातला कागद मला नको. कोर्टाच्या दप्तरात शपथेवर आलेली गोष्ट आणा, मग मी तुमच्या भावाची फाइल उघडते." उघडते एवढेच म्हणाल्या. मी त्याहून जास्त ऐकलेले नाही आणि क्लीव्हला त्याहून जास्त सांगितलेले नाही.

आत्ता हे पाचही जण माझ्या स्वयंपाकघरात दाटीने बसले आहेत. पीचची मिठाई संपली आहे. श्री. मेह्यू विचारतात, "हे सगळं तो हेंब्री वाचेल?" अल्मा जीन म्हणतात, "वाचेल कसला, गिळेल." हेट्टीबाई ऐंशी वर्षांच्या आहेत. मी वाचून दाखवत असता मध्येच थांबवून मला विचारतात, "रोझेटा, मान हलवू का आता, की अर्ज करावा लागेल?"

मी वाचून संपवले आहे. सही करते.

रोझेटा मे टॉलिव्हर
बेल्स फोर्ड, ओकाटी काउंटी
शनिवार, ९ मार्च २०१९

आम्ही खाली सही करणारे सांगतो की रोझेटा टॉलिव्हर यांनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या देखत. त्या शुद्धीवर होत्या. आम्ही प्रौढ आहोत, आणि ऐकून, पाहून, विचार करून निर्णय देण्यास समर्थ आहोत. सन १९८८ मध्येही होतो. नावापुढे त्या वेळी कोर्टात सांगितलेले कारण प्रत्येकाने स्वतः लिहिले आहे.

रूफस मेह्यू. भाड्याच्या घरात राहतो. (बारांत बसलेला एक जणही राहत होता. घर हेंब्रींच्या काकांचे.)

अल्मा जीन स्टर्डिव्हंट. वय फार कमी, अठ्ठावीस. (बारांतली एक तेवीसची होती.)

कॉर्नेलियस लंडी. नजर मिळवत नाही.

व्हर्निटा ओक्स. फार नजर रोखते.

हेट्टी गुडलो. मान हलवते, पुटपुटते. आत्ताही हलवली. कोर्टात बोलावतील तेव्हा मी येईन, माझा मुलगा गाडीने सोडेल, आणि तिथेही हलवीन.